उंच बाकांचे थिएटर

धाकटे मिस्त्री कोणाच्या घरी गेले आणि सरळ आत जाऊन बसले, असे कधी झाले नाही. आधी दारात थांबायचे, पायातले काढायचे, एक पाऊल पुढे टाकून अंगाचा भार तोलून बघायचे आणि मग यजमानाला म्हणायचे, "खिडकीकडे थोडी उतरलीय बरं का जमीन." यजमान हसून चहा मागवायचा. मिस्त्री गेल्यावर मात्र घरातले कोणीतरी हळूच गोटी सोडून बघायचे.

ही खोड वडिलांकडून आलेली. वडील सुतार होते, कपाटे आणि पलंग करायचे. त्यांचे म्हणणे एकच, "जमीन खोटी, तर कपाट खोटं." वाकड्या जमिनीवर जुळवलेले कपाट दुकानात उभे राहते, पण गिऱ्हाइकाच्या घरी गेले की डुगडुगायला लागते. आता गंमत अशी, की त्यांना कारखान्यासाठी मिळालेली जागाच उताराची होती. एका अंगाला रस्ता, तिथे दार; आणि दारापासून पुढे सगळी जमीन ओढ्याकडे उतरत गेलेली. दुसऱ्याने जागा बदलली असती. वडिलांनी ओढ्याच्या बाजूने खांब पुरले, शेवटचे खांब कमरेएवढे उंच घेतले, वर तुळया टाकल्या आणि जाड फळ्या एकीत एक गुंतवून अशी काही सपाट जमीन केली, की पाणी सांडले तर ते कुठे जावे या विचारात तिथेच थांबत असे. या कामाला त्यांचे पुरते म्हातारपण लागले. थोरला मुलगा तेव्हा हाताशी होता. धाकटा खिळे गोळा करण्याच्या वयाचा.

वडील गेल्यावर दोघा भावांनी कारखाना चालवला. थोरल्यांना सगळे दादा म्हणत. दादा बोलायचे कमी आणि ओरडायचे जास्त. धाकट्यांवर तर रोज. रंधा कोरडा चालवला म्हणून, करवत नीट टांगली नाही म्हणून, कधी नुसतेच हवा दमट आहे म्हणून. धाकटे मान खाली घालून ऐकायचे आणि दुपारी जेवताना बायकोला सांगायचे, "आज दादाची तब्येत चांगली आहे."

असा सगळा संसार सुरळीत चालला असताना एका फिरत्या तंबूवाल्याच्या सिनेमाच्या मशीनची पेटी मोडली आणि तो ती दुरुस्त करायला कारखान्यात घेऊन आला. तेव्हाचा सिनेमा मुका. मशीनचा दांडा हाताने फिरवायचा, समोर चादर लावायची, बस. पेटी नीट झाली की नाही हे बघायला तंबूवाल्याने तिथेच भिंतीवर चादर टांगून जरा वेळ दांडा फिरवला. चादरीवर एक जाडा माणूस शिडीवर चढला, पडला, पुन्हा चढला. धाकटे मिस्त्री हातातली पटाशी तशीच धरून उभे राहिले. ते दृश्य संपल्यावर त्यांनी विचारले, "हा पडतो ते खरं?"

"खरंच पडतो," तंबूवाला म्हणाला. "माझ्याकडे आल्यापासून रोज पडतोय. कधी तक्रार नाही."

तंबूवाल्याला फिरण्याचा कंटाळा आला होता. त्याहून जास्त कंटाळा त्याच्या बायकोला आला होता आणि तिने आता घर करा, नाहीतर मी माहेरी राहते, असे सांगून टाकले होते. धाकट्यांनी त्याच्या नव्या घराचे सगळे लाकूडकाम करून द्यायचे आणि त्याने मशीन द्यायचे, असे दोघांत ठरले. ठरल्यावर धाकट्यांच्या लक्षात आले, की हे दादाला सांगायचे राहिले आहे.

दादांनी सगळे ऐकून घेतले.

"आणि कपाटं कोण करणार? तुझा जाड्या?"

"दिवसा कपाटं. संध्याकाळी सिनेमा."

"भुसा किती असतो इथं. लोक शिंकतील."

"शिंकू देत की. मुकाच तर आहे सिनेमा. कोणाचं ऐकू यायचं राहणार आहे?"

दादा हसले नाहीत, पण त्यांनी मिशी ओढली, म्हणजे हसू आले होते. "बरं. पुढचा हॉल तू घे. मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कपाटं करतो. पण एक सांगतो, बाबांच्या जमिनीला हात लावायचा नाही. एक खिळासुद्धा ठोकायचा नाही."

धाकटे म्हणाले, "दादा, मी लावेन का हात?"

आणि ते मनापासून म्हणाले. म्हणूनच पुढचा सगळा घोटाळा झाला.

थिएटरात जमिनीला उतार हवा, ही गोष्ट आज शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तेव्हा त्या वस्तीत थिएटर कोणी बघितलेच नव्हते आणि धाकट्यांना तर सपाट जमीन हाच जगातला सर्वांत मोठा सद्गुण वाटायचा. त्यांनी ओढ्याकडच्या भिंतीवर पडदा लावला, दाराशी मशीन ठेवले आणि मध्ये एकसारखी बाके मांडली. पहिल्या दिवशी सगळी गल्ली लोटली. पहिल्या दोन रांगांतले लोक पोट धरून हसले. बाकीचे उठून उभे राहिले, त्यांच्या मागचे बाकांवर चढले आणि सर्वांत मागे बसलेला न्हावी बाहेर पडताना म्हणाला, "मिस्त्री, लोकांची डोकी मी दिवसभर फुकट बघतो. संध्याकाळी तिकीट काढून पुन्हा तीच दाखवता?"

धाकट्यांना त्या रात्री जेवण गेले नाही. जमीन उतरती करता येत नाही, हे तर ठरलेलेच. मग माणसे उंच करायची. सुताराच्या डोक्यातच येईल असा हा उपाय होता आणि दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. पहिली रांग वीतभर उंचीची, जवळजवळ पाटच. दुसरी थोडी वर. तिसरी आणखी वर. करत करत शेवटचे बाक छातीएवढे उंच झाले. खिळा ठोकायचा नाही म्हणून त्याचे पाय खाली फाकवलेले, पाठीला कठडा, पाय टेकायला आडवी पट्टी आणि चढायला कडेला शिडी. कामात खोट नव्हती. वर पैलवान बसून नाचला असता, तरी बाक हलले नसते.

थिएटरला त्यांनी एक छानसे नाव दिले होते, पाटीही रंगवली होती. पण ते नाव पाटीवरच राहिले. लोक म्हणायचे, "शिडीला जाऊ या का?"

आणि लोक जायला लागले. सिनेमा तोच असायचा, पुष्कळदा मागच्याच आठवड्याचा. पण शिडी चढून उंच बसायचे, पाय हलवायचे, खालच्यांच्या टकलांवर शेरे मारायचे, ही मजा दुसरीकडे कुठे मिळणार? तिकिटे आणि शिडी दोन्ही धाकट्यांची बायको सांभाळायची. तिचा आवाज असा, की पडद्यावरच्या माणसांनीही ऐकावे. "आधी म्हातारी माणसं चढू द्या. ए लांबू, तुला कशाला शिडी, तू नुसता बस, पोचतोस तू. चपला खाली ठेवा, चपला. कालची कोणाची तरी मास्तरांच्या मांडीवर पडली." एकदा वर बसलेला माणूस मध्येच उतरू शकत नसे, कारण शिडी बाजूला काढून ठेवलेली असे. त्यामुळे भांडण झाले तरी तिथेच बसून मिटवावे लागे. दोन जावयांमधला जुना अबोला असा वरच्या बाकावर सुटल्याचे लोक सांगत.

दादा मात्र आत आले नाहीत. वहिनी यायच्या. आधी चोरून, मग उघड. दादा पलीकडे शेडमध्ये उजेड असेपर्यंत काम करत राहायचे आणि भिंतीतून हसण्याचा आवाज आला की रंधा जरा थांबवायचे. एकदा घरी सगळे जेवायला बसले असताना ते एकदम म्हणाले, "आज तो शिडीवरून पडला नाही का? हसण्याचा आवाज नाही आला."

"आज दुसरा सिनेमा होता," धाकटे म्हणाले. "तू येऊन बघ ना एकदा."

"मला काय करायचंय." आणि थोड्या वेळाने, "चांगला होता तो पडणारा."

धाकट्यांना त्या दिवशी आपण काहीतरी मिळवले असे वाटले. गल्लीने वाहवा केली होती, पण घरात दादाचा एक शब्द म्हणजे निराळी गोष्ट.

मग जुने पोस्टमास्तर पडले.

बाक मोडले नाही, कठडा सुटला नाही. पोस्टमास्तरांना झोप लागली, ते कडेला बसले होते, घसरले आणि खालच्या रांगेतल्या बेकरीवाल्याच्या खांद्यावर आले. बेकरीवाला आडदांड, त्याने त्यांना मैद्याच्या पोत्यासारखे झेलले. तरी त्यांच्या खांद्याचे हाड सरकलेच. पोस्टमास्तर भला माणूस. गळ्यात हात बांधून ते पुढच्या आठवड्यात पुन्हा आले आणि म्हणाले, "मला मधली जागा द्या म्हणजे झालं." पण गोष्ट तोवर नगरपालिकेपर्यंत गेली होती आणि तिथून एक साहेब पाहणीला आले.

साहेबांनी सगळी बाके हलवून बघितली. वर चढून बसलेसुद्धा. उतरल्यावर हात झटकत म्हणाले, "काम सुंदर आहे मिस्त्री. माझी बायको इथंच येते, शेवटच्या बाकावर बसते. पण नियमाला बायको नसते. एवढ्या उंच बाकावर लोकांना बसवता येणार नाही. सगळी बाकं साध्या उंचीची करा आणि जमिनीला उतार द्या. तसं करा, नाहीतर बंद करा."

"जमिनीवरच लाकडाचा चढ बांधला तर?"

"मग लोकांच्या मागचं, रस्त्याकडचं दार अर्धं गाडलं जाईल. आग लागली तर लोक काय खिडकीतून उड्या मारतील? दाराकडची जमीन आहे तिथंच राहू दे. पडद्याकडची खाली न्या."

पडद्याकडची जमीन म्हणजे ओढ्याकडची, वडिलांनी खांबांवर उचलून धरलेली. खांब कापायचे, तुळया खाली घ्यायच्या, फळ्या सोडवून पुन्हा बसवायच्या. वडिलांनी उताराचे सपाट केले होते. आता सपाटाचा उतार करायचा.

दादांना विचारायचे कोणी? धाकट्यांचे तोंड उघडेना. त्या घरात अवघड निरोप बायकांच्या वाटेने जात. धाकट्यांच्या बायकोने जाऊबाईंना सांगितले, जाऊबाईंनी दादांना. त्या दिवशी दुपारी धाकटे रिकाम्या हॉलमध्ये बाके पुसत होते, तेव्हा दादा दारातून आत आले. थिएटर झाल्यापासून पहिल्यांदा. ते बाकांच्या मधून पडद्यापर्यंत चालत गेले, परत आले. वरच्या बाकाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. धाकट्यांनी मनात दोन उत्तरे धरली होती. नाही म्हणाला तर थिएटर जाईल, पण सुटका होईल. ओरडला तर मग समजूत काढता येईल.

दादा म्हणाले, "काप."

आणि निघून गेले.

धाकट्यांनी कापले. हाताखाली दोन माणसे घेतली, पण खांबांना करवत स्वतः लावली. लाकूड इतके सुकून कडक झालेले, की करवतीचे दात बोथट व्हायचे. पलीकडून रंध्याचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबता. त्यांना वाटत होते, आता दादा येईल आणि म्हणेल, करवत कशी धरलीयस. कोणी आले नाही.

उतार झाला. एकसारखी, साध्या उंचीची बाके झाली. साहेबांनी शिक्का दिला. पहिल्या संध्याकाळी गल्ली पुन्हा लोटली. लोक आत आले, इकडेतिकडे बघू लागले. "शिडी कुठाय?" असे एका बाईने विचारले. कोणीतरी तिला समजावले. मग सगळे बसले, सगळ्यांना सगळे दिसले, सिनेमा संपला आणि लोक घरी गेले. न्हावी तेवढा थांबला. त्याला काहीतरी चांगले बोलायचे होते. तो म्हणाला, "मिस्त्री, आता कसं अगदी थिएटरसारखं थिएटर झालं."

दुखणे तिथेच होते. थिएटरसारखे थिएटर मोठ्या रस्त्यावर नुकतेच उघडले होते. तिथे गादीच्या खुर्च्या होत्या आणि नवे सिनेमे लागत. गल्लीतले लोक आजवर तिकडे गेले नव्हते, कारण तिकडे शिडी नव्हती. आता इकडेही नव्हती. कोणाच्या मनात वाईट नव्हते. बेकरीवाला तर बरेच दिवस केवळ भिडेपोटी येऊन बसायचा आणि रिकाम्या बाकांकडे बघून जास्तच मोठ्याने हसायचा. त्यापेक्षा तो आला नसता तर बरे, असे धाकट्यांना वाटायचे. वर्ष फिरण्याआधी पाटी उतरली. मशीन दुसऱ्या एका फिरत्या तंबूवाल्याकडे गेले. तो अविवाहित होता.

इतके सगळे होऊनही धाकट्यांना थिएटर गेल्याचे फार दुःख झाले नाही. आपल्या हातून एक गोष्ट झाली, चालली, बंद पडली. धंद्यात असे होते. त्यांना खुपत होते ते निराळेच. ते शेडमध्ये पुन्हा कपाटांवर काम करायला लागले होते आणि दादा त्यांच्यावर ओरडत नव्हते.

"दादा, हा कप्पा असाच ठेवू?"

"तुला योग्य वाटेल तसं कर."

"पॉलिश आज करू की उद्या?"

"सवडीनं कर. घाई नाही."

पाहुण्याशी बोलावे तसे. एकदा धाकट्यांनी मुद्दाम काटकोन बघायचा गुण्या न लावता दाराची चौकट जुळवली. आंधळ्यालाही तिरकी दिसली असती. दादांनी ती उचलली, कोपऱ्यात ठेवली आणि दुसरी स्वतः केली. एक शब्द नाही. धाकट्यांना वाटले, त्यापेक्षा पटाशी फेकून मारली असती तर बरे.

"बोलला का आज?" रात्री बायकोने विचारले.

"बोलला. म्हणाला, थकलास तर घरी जा."

"मग भाऊजींचं मन उडालं म्हणायचं तुमच्यावरून," ती म्हणाली. तिला गमतीने म्हणायचे होते, पण म्हणून झाल्यावर तिने दिवा बारीक केला.

शेडमध्ये जागा अपुरी पडायची. मोठी कपाटे अंगणात जुळवावी लागत. समोर तो भला थोरला हॉल रिकामा पडलेला, पण उतरत्या जमिनीवर कपाट कोण जुळवणार? दादा त्या हॉलकडे बघतही नसत. धाकट्यांनी एका सकाळी कोणाला न विचारता पडद्याकडची पहिली फळी सोडवली.

मग रोज सकाळी, कपाटांचे काम सुरू होण्याआधी, ते तिथे जाऊ लागले. कापलेल्या खांबांचे तुकडे गेले होते, म्हणून नवे खांब घडवले. तुळया पहारीने उचलून खाली पाचरी मारल्या. बाकांच्या फळ्या मोडून वापरल्या. लेव्हलपट्टी ठेवायची, तिच्या काचेतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत ठोकायचे, पुन्हा ठेवायची. हाताखाली माणूस घेतला नाही. ही दुरुस्ती आपल्या एकट्याच्या अंगावर घ्यायची, असे त्यांनी ठरवले होते. वहिनी एकदा दारातून डोकावून गेल्या. त्यांनी दादांना सांगितले असणारच. पण दादा त्या बाजूला फिरकले नाहीत.

शेवटच्या लांब फळ्यांना मात्र दोन माणसे लागतातच. धाकट्यांनी एक टोक तुळईवर टेकवले, दुसरे खांद्यावर घेतले आणि सरकवायला गेले, तर पलीकडचे टोक घसरले. पुन्हा उचलले. पुन्हा घसरले. तिसऱ्या खेपेला घसरले नाही. त्यांनी मान वळवून बघितले तर पलीकडचे टोक दादांच्या हातात होते.

दोघांनी फळी बसवली. दुसरी बसवली. दादा काही बोलेनात आणि धाकट्यांना विचारायचा धीर होईना. तिसऱ्या फळीच्या वेळी दादा खाली वाकले, बसवलेल्या फळ्यांकडे डोळे बारीक करून बघितले, आणखी वाकले, गुडघ्यांवर बसले.

"हे काय आहे?"

"काय?"

"मला विचारतोस काय? सगळे सांधे एका ओळीत घेतलेस? एक फळी इथं संपली तर शेजारची इथंच संपवायची? फाटक करतोयस की जमीन करतोयस? एक सांधा इथं, तर दुसरा हातभर पुढं, हे दूध पिणाऱ्या पोरालाही समजतं. कपाट ठेवलं की दबेल ना इथं, अकलेच्या कांद्या. बाबांनी एवढंही शिकवलं नाही तुला?"

धाकटे फळी धरून उभे होते. कसेबसे म्हणाले, "बाबांनी तुला शिकवलं. मला तू शिकवलंस."

"म्हणजे चूक माझी?"

"मी तसं कुठं म्हणालो?"

"तसंच म्हणालास. काढ. सगळ्या काढ. पहिल्यापासून."

"सगळ्या कशाला? एक सोडून एक काढल्या तरी—"

"पुन्हा शहाणपणा. थिएटर काढलंस तेव्हा दाखवायचा होतास. उंटाएवढी बाकं केलीस आणि माणसं टांगून ठेवलीस वर कपड्यासारखी. मी म्हणालो होतो ना शिंकतील म्हणून?"

"शिंकलं कोणी नाही. पडले."

"तेच. तेच ते. पहार दे इकडे. अशी नव्हे, दांड्याकडून. हात आहेत की फावडी?"

भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात दोघी जावा भाजी निवडत बसल्या होत्या. आवाज चढत गेला तसे दोघींचे हात थांबले. थोरली उठून बघायला निघाली होती, धाकटीने तिचा पदर धरून खाली बसवले.

"बसा हो जाऊबाई," ती म्हणाली. "कारखाना सुरू झालाय. दुपार टळेपर्यंत काही ते जेवायला येत नाहीत."